आईच्या फोनची साफसफाई

आईचा फोन भावाने घेऊन दिला आणि सांभाळायला मला दिला. आमच्या घरात कामांची वाटणी साधारण अशीच आहे. धाकटा भाऊ बोटीवर इंजिनात नोकरीला, म्हणजे घरी पाहुणा. मी चौलात आईबरोबर राहते आणि रोज सकाळच्या एसटीने अलिबागला एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगला जाते. माझं लग्न झालं होतं, ते मोडलं, त्यावर मला आणखी काही बोलायचं नाही. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, वाडीतला पंप, घरपट्टी ही माझी खाती. कौतुकाचं खातं भावाकडे.

फोन दिसायला झकास होता. पण विकत घेतानाच त्यात बरीच मंडळी आधीपासून राहायला आलेली होती. एक होता दोन मिनिटांत कर्ज देणारा, एक पत्ते खेळायला बोलावणारा, एक राशिभविष्यवाला. फोनमधला कचरा साफ करून देतो म्हणणारा एक होता, तो स्वतःच सगळ्यांत जास्त जागा अडवून बसला होता. यांतल्या एकालाही आईने बोलावलं नव्हतं आणि एकालाही 'निघा आता' म्हणायची सोय नव्हती. बाकीची अॅप्स बोटाने दाबून धरली की काढून टाकता येतात. ही दाबून धरली तर ढिम्म हलत नसत. घर आपलं, पण त्यातल्या पाहुण्यांना हाकलायचं की नाही ते बिल्डर ठरवणार, असा प्रकार.

आईची काही तक्रार नव्हती. कर्जवाला स्क्रीनवर उगवला की ती "नको रे बाबा, पुढं जा," असं म्हणून त्याला बंद करायची. दिवसातून कितीदा तरी ती त्याला पुढे पाठवायची आणि तो फिरून परत यायचा.

मग एका संध्याकाळी भावाचा फोन आला. बोटीवर त्यांना इंटरनेट मोजूनमापून मिळतं, त्यामुळे त्याचा फोन म्हणजे आमच्याकडे सणच. आईने पदराला हात पुसले, फोन उचलला, आणि नेमका त्याच क्षणी पत्त्यांचा खेळ पूर्ण स्क्रीनभर पसरला. आईला हिरवं बटण दिसलं, ते तिने दाबलं. ते 'खेळा' असं म्हणणारं बटण होतं. पुन्हा दाबलं. तिकडे भाऊ वाजत राहिला आणि इकडे राजा-राणी नाचत राहिले. मी धावत येईपर्यंत फोन कट झाला होता, आणि बोट किनारा सोडून पुढे गेली ती बरेच दिवस संपर्कात येणार नव्हती. आई त्या रात्री जेवली नाही. मी केलेलं बोंबलाचं कालवण तसंच राहिलं आणि माझं डोकं फिरलं.

फोन रूट करायचा, असं मी ठरवलं. रूट करणं म्हणजे कंपनीने फोनमध्ये एक खोली कुलूप लावून ठेवलेली असते, तिची चावी मिळवणं. एरवी आपण पूर्ण पैसे मोजूनही भाडेकरूच असतो. चावी मिळाली की मालक. ऑफिसातल्या एकीने सांगितलं, अगं, इतकं कशाला, ती अॅप्स नुसती झोपवून ठेवायचीही युक्ती असते. पण मला ती झोपवायची नव्हती, घालवायची होती. मी व्हिडिओ बघितले. त्यातले गृहस्थ 'घाबरायचं काही कारण नाही' असं सांगत होते आणि खाली लोकांनी 'माझा फोन मेला' असं लिहून ठेवलं होतं.

कुलूप उघडायचा अर्ज केला की कंपनी लगेच उघडू देत नाही. काही दिवस थांबा, म्हणते, विचार बदलतोय का पाहा. घटस्फोटातही कोर्ट असाच अवधी देतं, त्यामुळे मला त्याची सवय होती. माझा विचार याही वेळी बदलला नाही.

कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी मी आईचे नंबर आणि फोटो लॅपटॉपवर उतरवून घेतले. फोटोंत वाडीतल्या पोफळी होत्या, चुकून काढलेली ओटीवरची फरशी होती, आईचा स्वतःचा अंगठा तर भरपूर होता. भावाने पाठवलेला मात्र एकही नव्हता. आई तर सारखी सांगायची, आज त्याचा बर्फाचा आला, आज दिव्यांच्या पुलाचा आला. फोन भरला म्हणून तिनेच पुसले असतील, असं मला वाटलं. मला त्याने कधी साध्या होडीचासुद्धा फोटो पाठवला नव्हता, हे यानिमित्ताने पुन्हा आठवलं आणि पुन्हा लागलं.

रविवारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि केबल जोडली. फोन काळा पडला, त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं धावायला लागली. आई लसूण सोलत समोर बसली होती.

"वाचंल ना तो?" तिने विचारलं.

"वाचेल."

"न्हाय, तुझा चेहरा डॉक्टरसारखा झालाय म्हनून इचारते."

वाचला. पण शुद्धीवर येताच त्याने पहिली सूचना दिली की या फोनचा आता भरवसा धरू नका. अजूनही सुरू होताना दर वेळी तो हेच सांगतो. मालकिणीचं ऐकणारा फोन कंपनीच्या लेखी भरवशाचा राहत नाही. बँकेच्या अॅपनेही लगेच असल्या फोनवर आम्ही चालणार नाही असा बाणा दाखवला. शेजारी कर्जवाला ठाण मांडून बसला होता तेव्हा त्याची काही हरकत नव्हती.

मग मी एकेकाला बाहेर काढलं. कर्जवाला गेला, पत्तेवाला गेला, ज्योतिषी गेला; त्याला हे आधी कसं कळलं नाही कोण जाणे. शेवटी एक उरला होता. फोन उघडण्याआधी जे दिसतं तिथे रोज सकाळी नवं चित्र लावायचा आणि त्याखाली इंग्रजीत काहीबाही विकायचा. त्यालाही काढला. तिथे साधा निळा रंग आला. इतकी स्वच्छता बघून मला घर सारवल्याचा आनंद झाला.

आईने फोन हातात घेतला, इकडेतिकडे बोट फिरवलं. "हलका झाला गो," ती म्हणाली. हे तिने मला दिलेलं अलीकडचं सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्रक.

त्यानंतर आईच जड होत गेली. सकाळी उठल्या उठल्या फोन बघायची आणि उपडा ठेवून द्यायची. बातम्या लागल्या की पुढे सरकून बसायची. "बोटीचं काय सांगतात का? कुठं वादळ हाय का?" मी म्हणायची, नाही. दुपारी ती शेजारच्या खालांच्या पडवीत सुपारी सोलायला जाते, ते तिने बंद केलं. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की न सोललेल्या सुपारीचं सूप तसंच कोपऱ्यात दिसायचं. मला वाटलं, गोळ्यांचा परिणाम असेल.

शेवटी एक दिवस मी बूट काढत असतानाच तिने विचारलं, "बाय, त्याला काय झालंय का? लपवतेस का तू माझ्यापासनं?"

"कोणाला? काय झालंय?"

"त्याचे फोटो यायचे बंद झालेत. तू फोन साफ केलास तवापासनं एकबी न्हाय आला."

म्हणजे मी काहीतरी मोडलं होतं. मी सगळं तपासलं. माझे मेसेज तिला जात होते, मामीचे सुप्रभात येत होते, ग्रामपंचायतीची पाणी बंदची सूचना येत होती. भावाच्या नावापुढे मात्र काहीच नव्हतं. आईला विचारलं, कुठे यायचे फोटो? ती म्हणाली, "फोनवर. आनखी कुठं?" आणि रागाने आत गेली.

मी खालांकडे गेले. त्यांचा मुलगाही बोटीवर, दुसऱ्या कंपनीच्या. त्यांचा फोन आणि आईचा फोन अलिबागच्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले. खाला एकट्याच सोलत बसल्या होत्या.

"आई का येत न्हाय गो? सकालचा फोटो बघायला दोघी असलो की बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "तिच्या पोराचा नि माझ्या पोराचा, रोज येतो. कधी कधी दोघांचा एकाच जागेचा येतो. बोटी येगल्या, पन भेटत असतील पोरं. अल्लाची मेहेरबानी."

त्यांनी फोनचं बटण दाबून माझ्यापुढे धरला. बर्फाचा डोंगर, पायथ्याशी लाल झोपडी. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, हिवाळी बूट निम्म्या किमतीत.

मला हसू फुटायच्या बेतात होतं, पण ते फुटलं नाही, कारण मला एकदम आमचा आरसा आठवला. आमचे वडीलही बोटीवर होते. आमच्या आळीत घरटी एक माणूस बोटीवर नाहीतर आखातात. पूर्वी बंदराला लागलं की ही माणसं घरी कार्ड टाकायची, पुढे रंगीत चित्र आणि मागे चार ओळी. वडिलांची अशी कार्डं आईने आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली आहेत. त्यांत वडील कुठेच नाहीत. घड्याळाचे मनोरे आहेत, पूल आहेत, बर्फ आहे. परदेशाचं चित्र घरात आलं की ते आपल्या माणसाने पाठवलेलं, यात शंका घ्यायचं आमच्याकडे कुणाला कारणच नव्हतं. वर भावाने फोन देताना म्हटलं होतं, "आई, यावर रोज नवीन फोटो येईल बघ." तो फोनचा गुण सांगत होता. आईने ते मुलाचं वचन म्हणून ऐकलं.

खालांना मी काही बोलले नाही. घरी येताना मात्र अंगाचा तिळपापड झाला होता. तिच्या गोळ्या आणणारी मी, पंप दुरुस्त करून घेणारी मी, आणि फोन देऊन गेल्यापासून मी ज्याच्यावर मनातून जळत होते तो निघाला एक बूटविक्या! आत्ता जाऊन आईला सगळं सांगते, असं मी ठरवलं. दारात पोहोचले तर आई देवापुढे बसली होती. नुसती बसली होती, हात जोडलेले नव्हते. मी सांगितलं नाही.

भावाची बोट बंदराला लागल्यावर मी ऑफिसातूनच त्याला फोन लावला.

"मी? फोटो?" तो हसला. "ताई, इथे बंदर कुठलं तेही कधी कधी मला दुसऱ्या दिवशी कळतं. खालीच असतो ना मी." मग म्हणाला, "तरीच. फोन केला की आई म्हणते, मजा कर, बघून घे सगळं. मला कळायचं नाही, कसली मजा. वाटायचं, तिला मी इथेच बरा वाटतो. म्हणून दोनदा कॉन्ट्रॅक्ट वाढवलं."

"तुझा एक फोटो पाठव. आत्ता."

"आत्ता? ड्यूटीवर आहे. अवतार बघण्यासारखा नाही."

"तसाच पाठव," मी म्हटलं. तोपर्यंत माझा राग अर्धा उतरला होता.

फोटो आला. तेलाने काळा झालेला कामाचा डांगरी ड्रेस, गळ्यात आवाज अडवायला कानाला लावायचं ते जाड यंत्र, मागे पाइप आणि पाइपच. कपाळावरचे केस गेलेले. डोळे आत. खिडकी कुठे नव्हती. मी तो आईच्या फोनवर पाठवला आणि संध्याकाळी घरी गेले तेव्हा ती तोच उघडून ओटीवर बसलेली होती.

"ह्यात तो हाय," ती म्हणाली.

"हो."

"इतके फोटो आले, एकात न्हवता. मी म्हनायची, काढनारा फोटोत कसा येनार." तिने फोटो बोटांनी मोठा केला, त्याच्या डोळ्यांपाशी आणला. "मग ते बर्फाचे कोन पाठवत होतं?"

मी सांगितलं. फोनची कंपनी. सगळ्यांनाच पाठवते, बूट विकायला.

मला वाटलं, चिडेल, नाहीतर खालांपुढे कसं तोंड दाखवू म्हणेल. तिने पुन्हा फोटोकडे पाहिलं. "आनि ह्यो ह्या भट्टीत," ती म्हणाली, "आनि मी त्याला मजा कर म्हनत होते." मग माझ्याकडे फोन पुढे केला. "लाव त्याला."

मी लावला आणि स्पीकर चालू करून दोघींच्या मध्ये पायरीवर ठेवला. या वेळी मध्ये कुणी आलं नाही. पहिल्या रिंगला त्याने उचलला.

"जेवलास?" आईने विचारलं.

"हो आई."

"बास झालं आता. घरी ये."

पलीकडे इंजिनाची घरघर चालू होती. मग चाळिशीला टेकलेला माझा भाऊ कसाबसा म्हणाला, "आई, हे तू आधी का न्हाय बोललीस?"