चौथ्या माणसाची जागा

सुखदेवभाऊ गेल्याचे त्यांच्या मुलीने अकोल्याहून फोनवर कळवले, तेव्हा मी त्यांच्याच कामाचा तिसरा अर्ज सुवाच्य अक्षरात उतरवत होतो. त्यात ‘कृपया’ हा शब्द चार वेळा आला होता. महिना उलटला, तरी तो कागद आठवला की स्वतःची चीड येते... आणि केवळ स्वतःचीच नव्हे.

राजापेठेत आमची घरे भिंतीला भिंत लागून. मी पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला, चारचौघांत बोलताना घसा कोरडा पडणारा. लिहिण्याचे हे धाडसही अडुसष्टाव्या वर्षीचे. भाऊ सैन्यात रणगाड्यावर ‘लोडर’ होते. चालक, तोफची आणि कमांडर यांच्याबरोबरचा, तोफेत गोळा भरणारा चौथा माणूस. गोळा आत गेला की तोफेचे मागचे दार क्षणात आपोआप मिटते. बोटे पसरलेली असतील तर ती आतच राहतात. म्हणून लोडर गोळा मूठ आवळून ढकलतो. ही सवय त्यांची घरीही सुटली नाही. टेबलाचा खण, फ्रिज, लोखंडी कपाट, सारे ते बंद मुठीने लावत. वहिनी ओरडत, “हळू ना वो! ते कपाट हाय, तोफ नाई!”

पुढे नव्या रणगाड्यांत हे काम यंत्राकडे गेले. ते यंत्र त्यांनी मला वहिनींच्या मसाल्याच्या डब्यावरून समजावले. डब्यातल्या वाट्यांसारखे गोळे तळाशी गोल मांडलेले. चकती फिरते, हवा तो गोळा वर उचलला जातो, दांडा त्याला तोफेत सारतो. माणूस एक कमी, म्हणून तोफ बसवलेला वरचा फिरता बुरूज बुटका आणि गाडी हलकी. मी शिक्षकी उत्साहाने वाहवा केली. त्यांनी डब्यावर टिचकी मारली. “वाहवा ठीक हाय सर, पन ते तिघं बसते कुठी? या डब्यावर. आग आत शिरली त उतराले टाइम कोन देते?” गोळे मागच्या बंद कप्प्यात ठेवून स्फोटाला छतातून वाट देणारे, चौथा माणूस राखणारे रणगाडेही आहेत, हे सांगायला ते विसरत नसत. एकदा मोबाइलवर एका रणगाड्याचा बुरूज स्फोटाने उडताना पाहून शेजारची मंडळी हसली. “आतमंदी मानसं होते, लेकहो,” एवढे म्हणून भाऊ उठून गेले.

शहरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या आवारात, भाऊंनी नोकरी केली त्याच जातीचा जुना रणगाडा मांडला आहे. तो दाखवायला त्यांनी नातीला नेले. फलकावर लिहिले होते : ‘स्वयंचलित भरणी. दल तिघांचे.’ कोणीतरी नव्या रणगाड्याची माहिती जुन्याला डकवली होती. नातीने वाचून विचारले, “आबा, मंग तुमी कुठी बसत होते?”

ते लालबुंद होऊन माझ्याकडे आले. “सर, मी काय त्याच्यात हवा खाले बसलो होतो? लिहा अर्ज!”

मी लिहिला. त्यांनी तो वाचला. “हा अर्ज हाय का लग्नाची पत्रिका? ‘आपल्या सवडीने’ कावून लिहिलं? माह्यापाशी कुठी सवड हाय?”

मी हसलो, आणि ते शब्द तसेच राहू दिले. दुसऱ्या अर्जातही राहू दिले. संस्थेच्या कार्यालयात अर्ज घेणारा खिडकीतला लिपिक म्हणाला, “काका, तो फलक वाचते कोन?” मी त्याचे आभार मानून परतलो. आभार!

शोकसभेत त्याच संस्थेचे सचिव बोलायला उभे राहिले. ‘निधड्या छातीचे रणगाडाचालक’ असा त्यांनी भाऊंचा गौरव केला. ज्या जागेसाठी हा माणूस शेवटपर्यंत भांडला, ती त्याच्या फोटोसमोर, हार घालून, काढून घेतली गेली. टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. तिसरा अर्ज खिशात होता.

परवा वहिनींकडे गेलो. लोखंडी कपाटाच्या दारावर, छातीच्या उंचीला, रंग उडालेला एक खोलगट पोचा आहे. मी त्यात मूठ ठेवून पाहिली. माझी मूठ लहान पडली. तिथेच बसून चौथा अर्ज लिहिला : ‘फलक खोटा आहे. या रणगाड्यात यंत्र नव्हते. चार माणसे होती. चौथा माणूस गोळा भरत असे. आठ दिवसांत फलक बदला.’

आज सकाळी तो खिडकीशी नेला. लिपिक मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, “ठेवा तिथं.”

मी ठेवला नाही. काचेखालच्या फटीतून कागद थेट त्याच्या हातापर्यंत ढकलला... आणि पाहिले, माझी बोटे मिटलेली होती.