अंदाजाने धरलेले दोन महिने

मीटर तपासायला आलेल्या दोघांनी चपला बाहेर काढल्या नाहीत. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात कागद. बॅटरीवाल्याने स्वयंपाकघरातल्या फळीमागे हात घालून वायर ओढून बघितली आणि मला विचारलं, "आजोबा, दुसरीकडून कुठून लाइन घेतलीय का?"

मी एकतीस वर्षं वीज कंपनीत लाइन हेल्पर होतो. भर पावसात खांबावर चढून लोकांनी चोरून टाकलेले आकडे काढलेत या हातांनी. मी म्हणालो, "घेतलीय की. शनिवारवाड्यातून." त्याला कळेना हसावं का लिहून घ्यावं. कागदवाला म्हणाला, "तुमचा वापर एकदम निम्म्यावर आलाय, म्हणून विचारतोय. उद्या ऑफिसला या."

निम्म्यावर आलाय! घरातलं माणूस जानेवारीत गेलं, मग वापर काय वाढणार होता?

बायको आजारी पडली तेव्हापासून तिची घरघंटी बंद आहे. घरघंटी म्हणजे कपाटाएवढी विजेची चक्की, ओट्याच्या शेजारी उभी. अठरा वर्षं ती त्यावर दळत होती. भाजणी, नाचणी, उपासाचं पीठ. फेब्रुवारी-मार्चात तर पापडांच्या पिठांनी घर पांढरं व्हायचं. नेमके तेच दोन महिने यंदा मीटर वाचायला कोणी आलं नाही. मीटर जिन्याखाली, त्याच्यापुढे खालच्या दुकानदाराची खोकी. वाचणारा बाहेरूनच गेला असणार. मग मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांवरून अंदाजाने बिल आलं. मी भरूनही टाकलं. त्या दिवसांत आकडे कोण बघतंय. एप्रिलमध्ये खोकी हलली, मीटर वाचला, आणि खरा आकडा अंदाजाच्या खाली निघाला. झाला मी चोर.

ऑफिसात हिशेबाच्या टेबलावर नातीच्या वयाची बाई होती. "बसा आजोबा, पाणी घ्या," म्हणाली. मी बसलोही नाही आणि पाणीही घेतलं नाही.

"ज्या घराचा मीटर वाचलाच नाही, त्याचे पैसे कंपनीने कमाई म्हणून धरलेच कसे?"

"धोरण आहे तसं." तिने कपाटातून जाड पुस्तक काढलं. "मार्चअखेर वर्ष संपतं. लोकांनी वीज वापरलेली असते, पण सगळी वाचून झालेली नसते. तिचा अंदाज करून त्याच वर्षाच्या कमाईत धरायचा."

"हे कोणी ठरवलं? तुम्ही?"

"मी कोण ठरवणारी? वर होल्डिंग कंपनी आहे. वीज तयार करणारी कंपनी तिची, वाहून नेणारी तिची, घरोघर देणारे आम्हीही तिचेच. सगळ्यांचे हिशेब वर एकत्र होतात, म्हणून धोरण सगळ्यांना एकच."

तिने बोट ठेवलं तिथे मी वाचलं. माझी शाळा सातवीपर्यंत, पण बोट ठेवलं की वाचता येतं. मागील वापराच्या आधारे रास्त अंदाज, असं छापलं होतं. रास्त! मीही पूर्वी मीटर रीडरच्या बदली जायचो तेव्हा कुलूपबंद दाराबाहेर उभं राहून अंदाज टाकलेत. आत कोण होतं, कोण नव्हतं, मी कुठे विचारलं? तेव्हा चहा थंड होत असायचा.

"आणि अंदाज चुकला तर?"

"जास्त धरलेलं परत घ्यायचं. तुमचे पैसे पुढच्या बिलात वळते होतील. पण एकदा धरलेली कमाई मागे घेताना कारण लिहावं लागतं, ऑडिटर विचारतो." तिने फॉर्म फिरवला. घर बंद. मीटर नादुरुस्त. सोलर बसवले. जोडभार कमी झाला. वीजचोरी. "यातलं काय?"

मी फॉर्म तिच्याकडे परत सरकवला.

"घर बंद लिहू का? सोपं पडेल."

"बंद नव्हतं!" माझा आवाज चढला, पलीकडच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. "मी होतो त्यात. दिवसभर होतो."

"मग जोडभार कमी लिहू, घरातलं विजेवरचं काय बंद झालं ते सांगा ना, आजोबा. नाहीतर केस तपासणीवाल्यांकडे जाते."

सांगायचं काय? दळून पैसे घेतले की तो धंदा. धंदा म्हटला की दुकानाचा दर, तोही मागच्या तारखेपासून, दंडासकट. हा नियम मला तिच्याहून जास्त पाठ. आणि मीटर माझ्या नावावर नाही, बायकोच्या नावावर आहे, खोल्या तिच्या मावशीकडून आल्या म्हणून. पैसे घेऊ नकोस, मी बायकोला हजारदा सांगितलं होतं.

"अहो, डबा घेऊन येते ती काय गिऱ्हाईक आहे? शेजारीण आहे ती," ती म्हणायची.

"शेजारीण पैसे देते का?"

"देते. नाही घेतले तर पुन्हा यायला लाजते. तुम्ही खांब सांभाळा, माझं जातं मी सांभाळते."

त्या पैशांतून तिने माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करवलं होतं. मला पत्ता लागू न देता साठवलेले.

मी त्या बाईला म्हणालो, "बायको मेली. तिची घरघंटी बंद आहे."

तिचं पेन थांबलं. मग खालच्या आवाजात, फॉर्मकडे बघत तिने विचारलं, "घरच्यापुरतीच होती ना?"

पोरगी हुशार होती. वाट करून देत होती. माझ्या ओठांवर आलं होतं, घरच्यापुरती? अर्ध्या पेठेच्या थालीपिठाचं पीठ तिच्या हातचं आहे! पण ते बोललो असतो तर गेलेल्या बाईच्या नावाने चोरीचा कागद निघाला असता.

"हो," मी म्हणालो. "घरच्यापुरतीच."

तिने 'जोडभार कमी' वर खूण केली. मी खाली सही केली. सही वाकडी आली, पुन्हा करायला लावली.

आठवडाभराने वरच्या मजल्यावरची सूनबाई पाच किलोचा डबा घेऊन दारात. "काका, तुम्हाला चालवता येते ना घरघंटी? काकूंसारखी भाजणी बाहेर नाही मिळत, फार बारीक दळतात हो."

येते चालवता. जाळी कुठली लावायची तेही माहीत आहे.

"आमची घरघंटी घरच्यापुरती आहे," मी म्हणालो.

ती हसली. तिला वाटलं मी नेहमीसारखा तिरका बोलतोय. "काका, अहो, काय हे? काकू माझ्या लग्नाआधीपासून सासूबाईंचं दळत होत्या."

"कोण म्हणतं? कुठे लिहिलंय?" मी तिच्यावर ओरडलो. तिचा काही दोष नव्हता. ती डबा उचलून निघाली, पीठ लागलेल्या जुन्या डब्याचं झाकण वाजत होतं आणि मी दार लावायचं सोडून जिन्यावर तिच्या पाठीमागे तेच तेच ओरडत होतो.