पोपसुद्धा सोडतात

आमची मावशी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि अलीकडे रडतखडत वाजवते. बोटांचे सांधे पार आखडलेत. रविवारची मिस्सा आटोपली की घरी येऊन गरम पाण्यात हात बुडवून कण्हत बसते. "मग सोड ना!" म्हटलं, की माझ्यावरच डाफरते. "देवाचं काम आहे हे. कंटाळा आला की राजीनामा द्यायला नोकरी आहे का?" हट्टीपणात तिचा हात धरणारं आमच्या खानदानात कुणी नाही.

त्या रविवारी मात्र हात पाण्यात, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला आणि डोळे फोनला चिकटलेले. पाचवे सेलेस्टाइन नावाच्या पोपवरचा व्हिडिओ होता. सातशे वर्षांपूर्वीचा हा म्हातारा संन्यासी. डोंगरातून आणून त्याला गादीवर बसवलं. पाचेक महिन्यांत त्याला कळून चुकलं, हे आपल्याला झेपायचं नाही. मग पोपलाही पद सोडता येतं, असं फर्मान त्याने काढलं आणि स्वतःच पायउतार झाला. आजही कुठला पोप पद सोडतो म्हटलं, की त्याचीच आठवण निघते. व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिलेला. खाली नर्सबाया, हिशेबनीस, कोण कोण लिहीत होते, मलाही सोडायचंय.

"अगं, पोपसुद्धा!" मावशी म्हणाली. तिचा चेहरा इतका सैल झालेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मग एकदम भुवया चढल्या. "पण पुढच्या पोपने त्याला किल्ल्यात कोंडला की गं!"

"तुला फादर कुठे कोंडणार? झाडू ठेवायच्या खोलीत?"

चर्चमधल्या गाण्याच्या सरावाला मी तिच्यासोबत गेले. "मी आता वाजवणार नाही," एवढंच म्हणून ती रुमालाचा बोळा करत उभी राहिली. आता विनवण्या होणार, अशी तिची खात्री होती. पण गाणाऱ्यांतल्या लठ्ठ शिंपीकाकांनी असा सुस्कारा सोडला, की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "तुमची बोटं अडली की आम्ही जोरात गातो, कुणाला कळू नये म्हणून. सगळ्यांचे घसे बसलेत हो!"

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"अरे मेल्यांनो," ती म्हणाली, "इतकं जीव तोडून गाता, म्हणून तर मला सोडवत नव्हतं!"

आणि तीच आधी हसायला लागली. माझा जीव भांड्यात पडला.