रापणीतला वाटा

लहानपणी औरंगाबादला दादा मला सायकलवर मागं बसवून हर्सूलच्या तलावावर न्यायचा. आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी यायचं. त्यामुळं एवढं पाणी एका जागी पसरलेलं पाहून मला वाटायचं, कुणीतरी नळ बंद करायला विसरलंय. दादा काठावर बसून समुद्राबद्दल सांगायचा. त्यानंही तो पाहिलेला नव्हता. भूगोल मी इंग्रजी शाळेत शिकले, पण खाडी हा शब्द मला त्यानं दिला. "खाडी जिथं समुद्राला मिळते ना, तिथं तुला होडीतून नेईन. दोघंच जाऊ."

या दिवाळीत आम्ही तिथं गेलो. पण ते वहिनीचं माहेर होतं.

वहिनी सिंधुदुर्गातली, खाडीच्या मुखावरच्या गावातली. पुण्यात दोघं एका ऑफिसात होते. लग्नाला होकार देताना आईनं एकच अट घातली होती: आपल्या घरात मासे शिजायचे नाहीत आणि तू बाहेरही खायचे नाहीत. दादा हो म्हणाला होता. गुडघ्यांमुळं आई प्रवासाला आली नाही, म्हणून आम्ही तिघंच निघालो. गाडीत मी मागं बसले.

पहिल्या सकाळी किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकून आणलेलं, आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या वाळूतून माणसं ओढत होती. वहिनीनं सलवार वर खोचली आणि सरळ रांगेत शिरली. तिच्यामागं दादा. त्याला पाय कसे रोवायचे, कधी जोर लावायचा, सगळं ठाऊक होतं. मी चपला हातात घेऊन उभी.

"गो चेडवा, बघतंस काय? धर दोरी!" एक म्हातारी ओरडली. मी दोरी खालून, उलट्या हातानं धरली तर ती हसली. "औरंगाबादची मा तू? तुमच्याकडे पाणी आठवड्यान येता म्हणे. हय बघ, दिसाक दोनदा येता!"

सगळे हसले. दादासुद्धा. ही नळाची गोष्ट त्यांना कुणी सांगितली असेल ते मला कळलं. ती आमच्या दोघांची होती.

जाळं वर आलं, वाळूवर वाटे पडले. तिथली रीत अशी की दोरीला ज्यानं हात लावला त्याला वाटा मिळतोच, पाहुणा असला तरी. म्हातारीनं माझ्यासमोर माशांचा छोटा ढीग ठेवला, बांगडे आणि थोडी बारीक तारली. काय करावं मला कळेना. मासा मी कधी हातात धरला नव्हता.

"दे इकडं," दादा म्हणाला. त्यानं एक बांगडा उचलला, अंगठ्यानं कल्ला उघडला. "लाल आहे बघ. एकदम ताजा. तळायला हेच घेऊ, तारली राहू दे."

मी त्याच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"कधीपासून?"

"लग्नाआधीपासून," तो म्हणाला. "आईला सांगू नकोस हं."

लग्नाआधीपासून. शाळेत कमी मार्क पडले तरी आधी मला सांगणारा हा माणूस.

दुपारी वहिनीच्या काकांनी होडी काढली. लहान होडी, वल्हवणारे काका सोडले तर दोघांचीच जागा. मी मागं सरकले. वहिनी म्हणाली, "तुम्ही बहीण-भाऊ जा. मी काय, जन्मभर बघतेय."

तिनं ती जागा मला इतक्या सहज देऊन टाकली. मला ती तिच्याकडून घ्यायची नव्हती. तरी बसले.

खाडीचं पाणी हिरवट आणि गप्प होतं. काठाला खाजणाच्या खाऱ्या चिखलातली झाडं मुळं वर काढून उभी. दादा दाखवत होता, आता सुकती लागलीय, म्हणजे ओहोटी, ते बेट भरतीत बुडतं, हे हिनं सांगितलं, ते हिनं दाखवलं. पुढं एका रेषेवर पाणी बदललं. अलीकडं सपाट, पलीकडं लाटा. होडी हलायला लागली आणि मी नकळत त्याचा दंड धरला, सायकलवर धरायचे तसा. त्याच हातानं तो फोन काढत होता.

"थांब, हिला फोटो पाठवतो."

जन्मभर बघणारीला.

संध्याकाळी पडवीत आम्ही तिघं जेवायला बसलो. तळलेले बांगडे त्यांच्या ताटात, माझ्या ताटात वरणभात. आईचा फोन माझ्या मोबाइलवर आला. मी स्पीकर लावला.

"काय जेवताय गं?"

"वरणभात," मी म्हणाले. "सोलकढी."

"आणि दादा?"

दोघांचेही घास थांबले.

"तेच," मी म्हणाले.

दादा माझ्याकडं बघून ओठ दाबून हसला. अगदी तसाच, तलावावरून उशिरा घरी आल्यावर हसायचा तसा. मला भरून आलं. मग मान वळवून तो तिच्याकडं बघून तसंच हसला.