केप रेइंगाला काय नेऊ नये

१३ जानेवारी २०१८, शनिवार. पहाटे पाचला उठून पैहियाच्या मोटेलमधल्या दोन शेगड्यांच्या ओट्यावर तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या. धुराचा अलार्म बोंबलू नये म्हणून दार आणि खिडकी सताड उघडी ठेवली होती. चोवीस पुऱ्या, लिंबाचं लोणचं, तीन केळी आणि पाण्याच्या बाटल्या कापडी पिशवीत भरल्या. पिशवीच्या तळाशी, डब्याखाली, टॉवेलात गुंडाळलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या अस्थी होत्या.

हे केतकीला, म्हणजे माझ्या भावजयीला, माहीत नव्हतं.

शिरीष अकरा वर्षांपूर्वी पुण्याहून ऑकलंडला शिकायला आला आणि इथलाच झाला. शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचा. माउंट रॉस्किलला भाड्याचं घर होतं, केतकी होती, नऊ वर्षांची इरा होती. नोव्हेंबरात कामाच्या ठिकाणी, गाडी लावून उतरताना तो पडला आणि उठला नाही. वय एक्केचाळीस. व्हिसा हातात पडेपर्यंत अंत्यविधी उरकले होते, मी पोचले ती डिसेंबरात. तोवर तो एका करड्या प्लॅस्टिकच्या डब्यात होता आणि डबा पॅसेजमधल्या कपाटात, व्हॅक्युम क्लीनरच्या शेजारी. ते पाहून माझं डोकंच फिरलं, पण दुसऱ्याच्या घरात पहिल्याच दिवशी कशाला बोला?

तिकडे पुण्यात आईनं, शिरीष पाण्यात जाईपर्यंत एकच वेळ जेवीन, असं ठरवून टाकलेलं. वय एकोणऐंशी. दर फोनला एकच प्रश्न, "झालं का?" केतकीला विचारलं की ती म्हणे, "बघू, ताई." पाच आठवडे बघू. सोमवारी माझं परतीचं विमान होतं.

ही समुद्रकाठची सुट्टी शिरीषनंच हिवाळ्यात (इथला हिवाळा जून-जुलैत) ठरवून ठेवलेली. तीन रात्री पैहियाला आणि एक दिवस बसनं देशाच्या उत्तर टोकाला, केप रेइंगाला. त्याच्या जागी मी गेले. माहितीपत्रकावर लिहिलं होतं, इथे टास्मन समुद्र आणि पॅसिफिक महासागर एकमेकांना मिळतात. म्हणजे संगम. आपल्या माणसाला याहून अधिक काय लागतं? मी माहितीपत्रकाची घडी पर्समध्ये घातली आणि ऑकलंडहून निघताना करडा डबा माझ्या बॅगेत. एकदा होऊन गेलं की केतकीलाही सुटल्यासारखं वाटेल, असा माझा हिशोब.

बस सात वाजता आली. गाइड आणि ड्रायव्हर एकच, तामा नावाचा माओरी गृहस्थ. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, हाफपँट आणि गुडघ्यापर्यंत मोजे. "किया ओरा (नमस्कार)," तो माइकवर म्हणाला. "माझ्या बसचा एकच नियम. जो उशिरा येईल त्यानं पुढच्या बसनं यावं. पुढची बस उद्या सकाळी." सगळे हसले. इरानं खिडकी घेतली. तिच्या पायात रबरी चपला (इथे त्यांना जँडल्स म्हणतात), बॅगेत टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे. पिशवी मी पायांमध्ये धरली.

"ताई, वर ठेवा की रॅकवर. पाय अवघडतील."

"असू दे. तेल गळेल."

पहिला थांबा कौरीच्या जंगलात. ही झाडं पाहण्यासारखी आहेत. खोड एवढं की आमच्या शाळेतला अख्खा वर्ग हात धरून उभा केला तरी वेढा पुरा होणार नाही. पण जंगलात शिरायच्या आधी बूट ब्रशनं घासून औषधाच्या पाण्यात बुडवावे लागतात. झाडांना मुळाशी रोग लागलाय, तो चिखलातून पसरतो. वरून पाहिलं तर झाड भक्कम, आतून मरत असलेलं. तामानं हे सांगितलं तेव्हा केतकी एकदम मागे फिरली आणि बसमध्ये जाऊन बसली. शिरीषचं हृदय तसंच होतं, हे तिनं नंतर सांगितलं. मला ते झाड पाहून सुचलं नव्हतं.

तिथून उत्तरेला तीन तास. कुरणं, गाई, मग गाईही कमी, नुसती मानुकाची खुरटी झुडपं. ढग खाली उतरलेले. गावं म्हणजे एक पेट्रोल पंप आणि एक डेअरी (इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, दूध असो वा नसो). शेवटच्या डेअरीपाशी इरानं आइस्क्रीम घेतलं, अर्धं खाल्लं, अर्धं केराच्या डब्यात टाकलं. एरवी मी बोलले असते.

पोचायला पंधरा मिनिटं असताना तामानं माइक घेतला. आवाज बदललेला. "आपण जातोय त्या जागेचं खरं नाव टे रेरेंगा वाइरुआ. आमची माणसं मेली की त्यांचे आत्मे या वाटेनं येतात. टोकाच्या खडकावर एक पोहुतुकावाचं झाड आहे, त्याच्या मुळावरून समुद्रात उतरतात आणि मूळ घरी जातात. तुमच्या पायाखालची वाट रोज वापरात असते, असं समजा. म्हणून फाटकाच्या पलीकडे खाणंपिणं नाही. ते बसमध्ये ठेवा. आणि अजून एक. लोक परदेशातून माणसांची राख आणतात, जागा सुंदर आहे म्हणून इथे सोडतात. कृपा करून नको. तुमच्या आजोबांची राख कोणी माझ्या आजीच्या उंबऱ्यावर ओतू नये, एवढंच."

मी ऐकलं. नीट ऐकलं. बत्तीस वर्षं मुलांना नियम वाचून दाखवलेत, नियम काय असतो ते मला कळतं. तरीही मनात म्हटलं, डोंगर यांचा असेल, समुद्र सगळ्यांचा आहे. आणि आई ऐंशीला टेकलीय.

पुऱ्यांचा डबा सगळ्यांच्या देखत काढून सीटवर ठेवला. पाण्याची एक बाटली मात्र पिशवीत राहिली.

बाहेर वारा असा की बोलणं तोंडातच परत येत होतं. माझी टोपी पहिल्याच वळणावर उडाली आणि दरीत गेली. वाट उतरती, टोकाशी पांढरा दीपस्तंभ. खाली, जिथे दोन समुद्र भेटतात तिथे, पाण्यात वाकडीतिकडी फेसाची रेघ. एका बाजूचं पाणी हिरवट, दुसऱ्या बाजूचं शिशाच्या रंगाचं. लाटा एकमेकींत शिरत नव्हत्या, धडका देत होत्या. खडकावरचं ते झाड दिसलं. वाटलं होतं तेवढं मोठं नाही. अंगठ्याएवढं.

केतकी आणि इरा दिशादर्शक खांबापाशी फोटो काढत होत्या. मी दीपस्तंभाच्या मागच्या बाजूला, कठड्याच्या कडेला गेले. बोट ओलं करून वारा पाहिला. समुद्राकडून येत होता, म्हणजे सगळं माझ्याच तोंडावर येणार. दहा पावलं उजवीकडे सरकले, तिथे जरा आडोसा होता. खाली बसून पिशवीत हात घातला.

"आत्या, बॉटल?"

इरा मागेच उभी. मी म्हटलं, "थांब, देते." पण टॉवेल सुटला होता. डब्यावर चिकटवलेल्या पट्टीवर छापील अक्षरांत पूर्ण नाव. ती वाचत होती हे मला दिसत होतं.

"इज दॅट बाबा?"

"हो." नाव लिहिलेलं असताना दुसरं काय सांगणार?

ती ओरडली नाही. वळली आणि पळत जाऊन आईला घेऊन आली.

केतकीनं पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, तुम्ही शिरीषला पुऱ्यांच्या डब्याखाली घातलंत?"

"तू व्हॅक्युम क्लीनरशेजारी ठेवलं होतंस."

"ते कपाट इरा उघडत नाही म्हणून!"

"मग कधी करणार होतीस? सोमवारी मी निघाले. तिकडे आई एक वेळ जेवतेय."

"आई जेवत नाही ते तुम्हाला दिसतं. अकरा वर्षं तो तुम्हाला 'या, या' म्हणत होता. तेव्हा तुमच्या परीक्षा, तुमची लग्नकार्यं. तो होता तेव्हा सुट्टी मिळाली नाही. आता बरी पाच आठवडे मिळाली?"

यावर मी म्हणाले, "आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन कोणी करून घेतलं असतं?" पण ते अकरांपैकी एकाच वर्षाचं उत्तर होतं. 

दोन चिनी प्रवासी थांबून बघायला लागले. भांडण मराठीत होतं, पण डबा सगळ्या भाषांत कळतो.

"मला तो समुद्रात नकोय," इरा मध्येच इंग्रजीत म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, बोलते इंग्रजीच. "समुद्रात कोणी सापडत नाही. माझ्या वर्गातल्या मारियाच्या आजोबांना दफनभूमीत एक दगड आहे. त्याच्याशेजारी बसून ती चिप्स खाते."

केतकी तिच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, हे तिलाही नवीन होतं. मग ती शांतपणे म्हणाली, "मला पाण्यात सोडायचाच नव्हता. तुम्हाला आणि आईंना तोंडावर नाही कसं म्हणणार, म्हणून बघू म्हणत होते."

तेवढ्यात तामा आला. इरानं त्याला बोलावलं नव्हतं, तो वाटेवरून बघत होता. त्याची नजर पिशवीवर गेली.

"उघडलात?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं, दोन मिनिटांनी खरं उरलं नसतं.

"कोण आहे?"

"भाऊ. शिरीष."

त्यानं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं. मला वाटलं, आता व्याख्यान देईल. दिलं नाही. "त्याला बसमध्ये न्या," तो म्हणाला. "तो इथल्या वाटेचा प्रवासी नाही, हरवेल." पिशवी घ्यायला मी वाकले तर केतकीनं आधीच उचलली होती. चढ चढताना ती पुढे, इरा तिचा हात धरून, मी मागे. कोणी वळून पाहिलं नाही.

बसच्या दाराशी तामानं कॅनमधून आम्हा तिघींच्या हातांवर पाणी ओतलं. दफनभूमीतून निघताना माओरी लोक असंच करतात. आपणही स्मशानातून आल्यावर पाय धुतो, हे मी त्याला सांगितलं नाही. त्या दिवशी मला कोणालाच काही सांगायचा अधिकार उरला नव्हता.

परतीची वाट टे पाकीच्या ओढ्यातून. बस चक्क पाण्यातून चालते आणि थांबता येत नाही, खालची वाळू चाकं गिळते. शेजारी वाळूचे डोंगर. सगळे फळ्या घेऊन वर चढले आणि पोटावर झोपून घसरत आले. इराही गेली. तीनदा वर गेली, तीनदा खाली आली, एकदाही हसली नाही. तोंडात वाळू घेऊन परतली आणि पुऱ्या मागितल्या. केतकीनं डबा उघडून तिला दिल्या. मला विचारलं नाही. मी स्वतःच एक घेतली. वाळू कचकचत होती.

मग नाइंटी माइल बीच. बस ओहोटीच्या ओल्या वाळूवरून तासभर धावते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काही नाही. एके ठिकाणी रुतून बसलेल्या गाडीचं टप तेवढं वर उरलं होतं, गंजलेलं. भरती कोणासाठी थांबत नाही, असं तामा म्हणाला, पण आता कोणी हसलं नाही. दिवस लांब झाला होता. केतकीनं पिशवी संपूर्ण वाट मांडीवर धरली होती. पैहिया येईपर्यंत ती माझ्याशी एकच वाक्य बोलली. "आईंना तुम्ही सांगणार. मी नाही."

तिकडे जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. जानेवारीतसुद्धा जाकीट न्या. टोपीला नाडी हवी. जेवण बसमध्येच ठेवा. आणि आपल्याकडे नद्या भेटतात तिथे जे चालतं, ते दुसऱ्यांच्या समुद्राला न विचारता लावू नका. पाणी दिसलं की आपल्याला ते आपलंच वाटतं. मला त्या माहितीपत्रकात संगम दिसला. त्याच्याच मागच्या पानावर ही जागा कोणाची आहे ते छापलेलं होतं, आणि पाच आठवडे त्यांच्याच घरात माझ्यासमोर बसलेल्या दोघींना काय हवंय तेही विचारता आलं असतं. दोन्ही मी वाचलं नाही.

रविवारी सकाळी सातला मोटेलच्या मागे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपाशी जाऊन आईला फोन लावला. पुण्यात आदल्या रात्रीचे साडेअकरा, पण ती जागीच होती.

"झालं का?"

"नाही. होणार नाही. त्याला इथेच जागा करायची आहे, दगड लावून. इरासाठी."

 ती म्हणाली, "मग तू गेलीस कशाला?"

"उशिरा गेले, आई. आता दोन्ही वेळ जेव."

तिनं फोन ठेवला. आत आले तेव्हा केतकी इराचे टॉग्ज पिळत होती. मी विचारलं, "जागा बघायला कधी जायचं?"

"मंगळवारी. हेन्डरसन भागातल्या दफनभूमीत. मी एकटी जाईन, ताई, तुमचं विमान आहे."

मी विमान कंपनीला फोन लावला आणि सोमवारचं तिकीट पुढच्या सोमवारवर टाकलं.