बाळाच्या उशाखालचं काडतूस

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती आणि मी पहिल्या बाळंतपणासाठी राहुरीजवळच्या माहेरी आले होते. थंडी कडाक्याची. माझ्या बाजेखाली दोन्ही वेळा शेगडी, वर ओव्याची धुरी, दारंखिडक्या बंद. बाळंतिणीला शेकून काढल्याशिवाय आईचं समाधान होत नसे. मला त्या धुराचा असा संताप यायचा!

लेकीचं अजून बारसं व्हायचं होतं. तिच्या उशाखाली लोक चाकू नाहीतर अडकित्ता ठेवतात. आईनं वडिलांचं काडतूस ठेवलं होतं. ‘‘लढाईतनं माघारी आलेली वस्तू हाय. हिच्यापुढं काय टिकत न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘पन तुज्या बापाला बोलू नको.’’

वडील मोठ्या महायुद्धात शिपाई होते. येताना त्यांनी आठवण म्हणून रायफलीची चार काडतुसं आणली होती. तीन सरावाची, आत दारू नसलेली. नव्या शिपायांना रायफल भरायला शिकवताना ती वापरत. चौथं जिवंत. चारीही पितळी आणि सारखीच दिसायची, फक्त सरावाच्या काडतुसांच्या अंगाला भोकं होती. खंडेनवमीला विळे-कुऱ्हाडींच्या शेजारी त्यांना हळदकुंकू लागे, एरवी डबीला कुणी हात लावायचा नाही असा वडिलांचा दंडक होता.

त्या संध्याकाळी शेजारचे काका सांगत आले, की लष्कराच्या गोळीबाराच्या रेंजवर पितळ वेचताना एकाच्या हातात काहीतरी फुटलं, बोटं गेली. वडिलांनी ऐकून घेतलं आणि उठून देव्हाऱ्याखालची डबी काढली. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे एकेक काडतूस ते बोटांनी चाचपू लागले.

‘‘तीनच हायेत,’’ ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. ‘‘आन् भोकं कुटं गेली?’’

आई चाचरत म्हणाली, ‘‘भोकाची वस्तू खंडित. पूजेला चालत न्हाई. म्हनून दसऱ्याला मी मेन भरलं आन् वरनं चिंचेनं घासून काढली.’’

म्हणजे आता कुठलं जिवंत ते नुसतं बघून कळायला मार्गच नव्हता. माझ्या पाठीला बाजेखालची धग जाणवत होती आणि चौथं काडतूस लेकीच्या डोक्याखाली होतं. मी तिला उचललं आणि तडक दाराकडे निघाले.

‘‘अगं वारं लागंल तिला,’’ आई आडवी आली.

‘‘लागू दे,’’ मी म्हणाले. ‘‘अण्णा, चौथं हिच्या उशाखाली हाय.’’

वडिलांनी आधी बाजेखालची शेगडी ओढून अंगणात नेऊन ठेवली. परत येऊन पहिल्या काडतुसावर नख फिरवलं. मेण निघालं, भोक लागलं. दुसऱ्यालाही भोक. तिसरं हातात घेतलं तेव्हा मी मनातल्या मनात घोकत होते, याला भोक नसू दे, हेच जिवंत निघू दे. नखाखाली मेणाचा गोळा आला.

वडिलांनी उशीखाली हात घातला. ते काडतूस बोटांत फिरवून फिरवून पाहिलं. घासायला मेणच नव्हतं. पितळ अजून कोमट होतं, ते त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं. मी दाराला टेकले. लेक मात्र गाढ झोपली होती.

‘‘चार हुती,’’ वडील आईला म्हणाले. ‘‘त्यातलं हेच कसं उचललंस?’’

आई रडायलाच लागली होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘‘देवापुढं मेन भरून भागवलं. नातीच्या उशाला भोकाचं कसं ठिवू? एकच अखंड हुतं, ते तिला दिलं.’’