लेकीच्या घरी न जेवता केलेली आफ्रिकेची सफर

अकोल्याच्या स्टेशनातून मुंबईची गाडी हलली तेव्हा माझ्या मांडीवर गव्हाच्या जाडसर पिठाची पिशवी होती, पायाशी तुरीच्या डाळीचा डबा होता आणि समोरच्या बाकावर माझी थोरली बहीण अक्का खिडकीचे गज धरून हसत होती. तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता, पण मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मला ते चारचौघांत कबूल करता येत नव्हतं.

आम्ही झांबियाला निघालो होतो. अक्काची एकुलती एक लेक शालू तिथल्या लिव्हिंगस्टन गावी राहत होती. देश नुकताच स्वतंत्र झालेला, शाळा भराभर निघत होत्या आणि शिक्षक हवे होते. आमचे जावई सुधाकरराव अमरावतीहून तिकडे गणित शिकवायला गेले आणि रमले. गावात सगळ्यांचा समज असा की आम्ही सिंह बघायला चाललो. खरं सांगायचं तर ते जंगल, ते तंबू, ती सगळी सफर एवढ्यासाठी आखली होती की अक्काला लेकीच्या घरी जेवावं लागू नये.

आमच्याकडची जुनी रीत अशी की लेकीच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. पुष्कळांनी ही रीत सोडली. अक्काने सोडली नव्हती, आणि अक्काने धरलेली गोष्ट सोडवणं म्हणजे बाभळीच्या काट्यातून लुगडं सोडवणं. शालूच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातच सगळं संपलं. दुसऱ्या खेपेला तिथल्या डॉक्टरांनी यापुढे आशा धरू नका म्हणून साफ सांगितलं. शालूने ते कळवलं आणि शेवटी एवढंच लिहिलं की माय, तू ये.

अक्का लगेच तयार झाली. पण अटीवर.

"येईन मी," ती म्हणाली. "पन तिच्या घरचं पानी पेनार नाही."

"मग इतके दिवस काय हवा खाशील का?" मी विचारलं.

"तुमी शिकलेल्या बाया. काढा काही तोड."

तोड काढली शालूने. माय माझ्या घरात जेवणार नसेल तर मी तिला घरात ठेवणारच नाही, जंगलात ठेवीन, असं तिने कळवलं. सुधाकररावांनी गणिताच्या मास्तराला शोभेल असा बेत आखून पाठवला. लिव्हिंगस्टनला पोचल्यावर चहापाणी शेजारच्या गुजराती बेनकडे. मग धबधबा, शिदोरी झाडाखाली. मग मोटारीने काफुएच्या अभयारण्यात, तिथे तंबूत मुक्काम. अंजनगावात अक्काच्या ओसरीवर मी तो बेत वाचून दाखवला, तर तिने मला वकिलासारखं उलटतपासलं.

"तंबू कोनाचा?"

"सरकारचा."

"जमीन?"

"सरकारची."

"मोटार जावयाची असंल."

"भाड्याची आहे अक्का."

"अन् मीठ?"

मिठाचं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणून अंजनगावचं मीठही आमच्याबरोबर आफ्रिकेला निघालं. तिकिटं अर्थातच अक्काच्या घरच्या पानमळ्याच्या पैशांतून. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, कपाळाला हात लावून बसले होते. "निंदनाच्या दिवसांत कोनी आफ्रिकेत जाते का?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, आणि तोच माणूस गेला की विड्याची कोवळी पानं ओल्या फडक्यात कशी बांधायची ते अक्काला समजावत.

पासपोर्टच्या फोटोसाठी आम्ही एस.टी.ने अमरावतीला गेलो. फोटोवाला म्हणाला, बाई, डोक्यावरचा पदर जरा मागे घ्या, कान दिसले पाहिजेत. "कानाचं काय काम हाय सरकारले?" अक्काने विचारलं. त्या बिचाऱ्याने कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं. तिथून इंजेक्शनं घ्यायला गेलो. मला घेरी आली. अक्का मात्र बाही सारखी करून म्हणाली, "झालं? एवढंच?" परतीच्या गाडीत आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या उगाचच हसत होतो. शेजारी बसलेल्या बाईंनी शेवटी जागा बदलली.

जुलैतला समुद्र म्हणजे काय ते भूगोलाच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. मुंबई सोडली आणि माझी जी मान खाली गेली ती आफ्रिकेचा किनारा दिसेपर्यंत वर आली नाही. अक्का मात्र पाय रोवून डेकवर उभी. "बैलबंडीत यापेक्षा जास्त हालते," असं तिने एका पारशी गृहस्थांना ऐकवलं आणि त्यांना लिंबाचं लोणचं दिलं. दारेसलामला उतरून आम्ही विमानाने लुसाकाला गेलो, तिथून आगगाडीने लिव्हिंगस्टनला. फडक्यातली पानं वाटेतच काळी पडली. अक्काला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही, कारण फलाटावर शालू उभी होती.

मायलेकी भेटल्या ते मी लिहीत बसत नाही. शालू वाळली होती आणि खूप बडबडत होती. घर नीटनेटकं, दारात पपईचं झाड. अक्काने सगळ्या खोल्या पाहिल्या, गादीवर हात फिरवला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून भांडी न्याहाळली आणि आत न जाता मागे फिरली. शालू शेजारी बेनकडे गेली आणि तिथून तांब्या भरून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी धबधबा. तिथले लोक त्याला मोसी-ओआ-तुन्या (गरजणारा धूर) म्हणतात. ऑगस्टात पाणी उतरलेलं असतं असं सुधाकरराव सारखे सांगत होते, जणू काही कमी पडलं तर दोष त्यांच्यावर येईल. उतरलेलं पाणी हे असेल तर चढलेलं मला बघायचंच नाही. अख्खी नदी जमिनीच्या भेगेत कोसळते आणि तिचे तुषार उलटे आभाळात चढून पुन्हा आपल्या अंगावर पडतात. वर इंद्रधनुष्य, एकात एक दोन. मी वर्गातल्या नकाशात या जागेवर छडी ठेवून मुलींना नुसतं नाव सांगत आले होते. मला हसूही येत होतं आणि डोळेही भरत होते.

"यातून एखादा पाट काढून द्या ना कोनी आमच्याकडं," अक्का म्हणाली. एवढ्यात शालू टाळ्या पिटत तिच्याभोवती नाचायला लागली. "माय, तोंडात गेलं तुह्या! माह्या गावचं पानी पेली तू!" अक्काने ओठ गच्च मिटले आणि वरून पदर दाबून धरला. त्यानंतर तिने तो जगप्रसिद्ध धबधबा तोंड बांधूनच पाहिला. ती नाकाने हसत होती.

काफुएला जायला सुधाकररावांनी मुडेंदा नावाचा चालक ठरवला होता. टोंगा जमातीचा, उंच, पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. तो इंग्रजीत बोले आणि सुधाकरराव अक्काला वऱ्हाडीत सांगत. रस्ता लाल मातीचा, दोन्ही बाजूंना पिवळं गवत आणि पानगळीचं रान, थेट आपल्या मेळघाटासारखं. मात्र मेळघाटात झाडाच्या शेंड्यावरून जिराफ आपल्याकडे बघत नाही. तो बराच वेळ पाला चावत बघत राहिला. "चौकशी करून राहिला," अक्का म्हणाली, "कोनाकडची पाहुनी म्हनून." हत्तींचा कळप समोरून रस्ता ओलांडायला लागला तेव्हा तिने चपला काढून मोटारीतच हात जोडले. मुडेंदाने आरशातून पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

मुक्कामावर उतरल्यावर अक्का रोडगे करायला निघाली. रोडगे म्हणजे गव्हाच्या जाड पिठाचे गोळे, आमच्याकडे ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. गोवऱ्या कुठून आणायच्या? अक्काने इकडेतिकडे पाहिलं आणि वाळलेलं हत्तीचं शेण उचलून हातात फोडलं.

"हे तं सारं गवतच हाय," ती हरखून म्हणाली. "एका पोतंभर शेनात घरभराचं जेवन होते वं शालू!"

मग काय, शाळेतली एक मास्तरीण, गणिताचे एक मास्तर आणि शालू असे तिघे जण आफ्रिकेच्या जंगलात हत्तीचं शेण गोळा करत हिंडलो. मुडेंदाला यात नवल वाटलं नाही. डास पळवायला आम्हीही ते जाळतो, असं तो म्हणाला. रोडगे फुटले, वर तूप पडलं, आणि सुधाकररावांनी मोजायचं सोडून दिलं. मुडेंदाने आपली न्शिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा) पुढे केली. अक्काने बोटाने घेतली, चाखली, आणखी मागून घेतली.

शालूचं हसणं थांबलं. कालपर्यंत नाव माहीत नसलेल्या माणसाच्या हातचं माय आवडीने खात होती. मी शालूकडे पाहत होते आणि अक्काही पाहत होती.

मुडेंदाला यातलं काही ठाऊक नव्हतं म्हणून सुधाकररावांनी आमची रीत सांगितली. तो गंभीर झाला. पण त्याची काळजी वेगळीच निघाली. सासू आणि जावई एका मोटारीत बसतात, एकमेकांशी बोलतात, हेच त्याला सकाळपासून बघवत नव्हतं. "आमच्यात सासू समोरून आली तर मी वाट सोडून झुडपात शिरायचो," तो म्हणाला. "कितीतरी वर्षं. मग मी एक कोंबडी भेट दिली आणि म्हातारी म्हणाली, ये आता समोर."

"म्हातारी म्हने?" अक्काने विचारलं. "पंच नाही बसत?"

"पंच कशाला? तिनं धरलेलं, तीच सोडणार."

पुढचे दिवस आम्ही पाणघोडे पाहिले, झेब्रे पाहिले. सिंह मात्र दिसला नाही, दिसली ती लांबवर गवतात हललेली शेपटी, आणि ती सिंहाचीच होती असं आम्ही सर्वानुमते ठरवलं. सुधाकरराव मध्येच अक्काला म्हणाले, "आत्याबाई, मी बी भेट देऊ का? कोंबडी आनू?" सगळे हसले. अक्का हसली नाही. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती.

घरी पोचलो तेव्हा ऊन होतं. शालूने सवयीने तांब्या उचलला आणि ती शेजारच्या बेनकडे निघाली.

"तिकून नको आनू," अक्का म्हणाली. "घरचं दे."

शालू दारातच थांबली. "माय, तुले ठावं हाय ना? आता काही होनार नाही."

"ठावं हाय." अक्का खाली बसली. "पानी पेली असती तं मी आशा सोडली असं झालं असतं. म्हनून नव्हती पेत. मले वाटे, एका जनीनं तं धरून ठेवावं."

इतके दिवस मी याला हट्ट समजत होते. मला स्वतःचा राग आला.

"मी कवाचीच सोडली," शालू म्हणाली. "तू धरून बसली होती, अन् मी इकडं एकटी पडली होती."

ती आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. अक्काने तो एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. मग तिने लेकीला जवळ ओढलं आणि दोघी रडल्या, मोठ्याने, संकोच न करता. मी आणि सुधाकरराव पपईखाली जाऊन उभे राहिलो. थोड्या वेळाने आतून अक्काचा आवाज आला, "काय रांधलं हाय वं?" काहीच रांधलेलं नव्हतं. मग अशी धांदल उडाली की विचारू नका. बेन चहा घेऊन आल्या त्यांनाही बसवून घेतलं. अक्का जेवली, ताट पुसून जेवली, आणि उरलेले दिवस आम्ही कुठेही बघायला गेलो नाही. सुधाकररावांनी भिंतीवर लावलेला पुढचा बेत तसाच राहिला.

परत आलो तेव्हा वऱ्हाडात कापसाला बोंडं धरली होती. मी अकोल्याला न उतरता अक्काबरोबर अंजनगावपर्यंत गेले. ओसरीवर बायका जमल्या. मी हत्ती सांगितले, धबधबा सांगितला, शेपटीचा अख्खा सिंह केला. मला वाटत होतं आपण जग बघून आलो. पण बोलण्याच्या भरात, शालूच्या हातची आमटी किती चांगली होती, हे माझ्या तोंडून गेलं आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग शेजारच्या काकूंनी सगळ्यांच्या वतीने, हसऱ्या तोंडाने विचारलं, "जेवली तिथं? म्हनजे शालूले दिवस गेले म्हना की."

मी अक्काकडे पाहिलं.

"नाही," अक्का म्हणाली. "पोरीच्या घरी गेली होती मी. भूक लागली, जेवली."